दातांनी मारलेली गाठ

"ही गाठ कोणाची?" मी विचारलं.

पाळकसाहेब खुर्चीत बसून सुगीच्या सणाची गीतं निवडत होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी देवळाच्या शहाबादी फरशीवर सतरंजी पालथी पसरून बसले होते, भोवती दाभण, सुतळी, कात्री. सोनखांबची आमची ख्रिस्ती मंडळी खाली बसूनच उपासना करायची. बारा सतरंज्या होत्या, आणि दर वर्षी सणाआधी त्यांची डागडुजी माझ्याकडे असायची. गावात शिलाई मशीन माझं एकटीचं. देवाचं काम म्हणून मजुरी नाही. देवाच्या कामाला मजुरी का नसते, हे मी तेव्हाही विचारायचे. उत्तर कोणी द्यायचं नाही.

"कसली गाठ, सुवार्ताबाई?"

"दशांची, या कडेच्या सुट्या दोऱ्यांची. इकडे बघा ना जरा. तीन-तीन दोरे घेऊन गाठ मारलीय. ती डावीकडे ओढलेली आणि दोऱ्याचं टोक चपटं. बाराही सतरंज्यांना असंच. बोटांनी ओढलेला दोरा असा चपटा होत नाही."

"मिशनकडून आल्यात त्या. दुष्काळानंतर."

"मिशनला हात असतात का, साहेब? कोणीतरी माणसानंच मारली असेल ना?"

"तुम्हाला चौकशा फार," ते म्हणाले आणि पुन्हा गीतांच्या पुस्तकात शिरले. कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. माणूस भला. खोटं बोलता यायचं नाही, म्हणून अडचणीच्या वेळी गप्प बसायचे.

चौकशांची खोड मला होतीच, ती मी नाकारत नाही. चौथीत शाळा सुटली. शिवण मला कोणी शिकवलं नाही. लोकांचे टाकलेले सदरे उसवून मी शिकले. त्यामुळे कुठलीही गाठ, कुठलाही टाका दिसला की तो कोणी घातला, कसा घातला, हे कळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

साल शहाऐंशी. बत्तीस-तेहतीस वर्षांची होते मी.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "सलाम पाळकसाहेब! काय सुवार्ता, झालं का ठिगळकाम?"

हे शलमोन पाटोळे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. पंचांमधले सगळ्यात वजनदार, पोटानंही आणि शब्दानंही. सुगीच्या सणाचा लिलाव तेच करायचे. आमच्यात तेव्हा असं होतं: सणाच्या रविवारी ज्याच्या शेतात, परड्यात जे पहिलं आलं असेल ते तो देवळात आणायचा. बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, कोंबड्या, काहीही. प्रत्येक वस्तूला देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. उपासना झाली की अण्णा एकेक वस्तू उचलायचे, नाव मोठ्यानं वाचायचे आणि बोली सुरू करायचे. रुपयाचा भोपळा वीस रुपयांना जायचा. घेणारा तो पुन्हा वेदीपुढे ठेवायचा, पुन्हा बोली. एकच भोपळा पाच वेळा विकला गेलेला मी पाहिलाय. जमेल ते सगळं विशेष अर्पण. आपल्या देवळासाठी त्यातला पैसा ठेवायचा नाही, बाहेरच्या सेवेला पाठवायचं. कधी अंधशाळा, कधी दवाखाना, कधी पूरग्रस्त. आणि दोन-तीन वर्षांतून एकदा हमखास कुष्ठरोग्यांची वसाहत. तिचं नाव दर वेळी अण्णाच पुढे करायचे, आणि त्या वर्षी लिलावात त्यांचा घसा बसेपर्यंत ओरडायचे.

"यंदा वसाहत," अण्णा म्हणाले. "पण नुसते पैसे नाही पाठवायचे. थंडी वाईट पडणार म्हणतात. मी फ्लॅनेलचा तागा आणून टाकलाय. चाळीस नग शिव, सदरे आणि पोलकी. मागं वीस सदरे शिवले होतेस बघ, तसेच."

"मापं?"

"कसली मापं? सैलसर शिव. माणसं सगळी सारखीच."

"अण्णा, तुमच्या सदऱ्याला मी पोटावर चार इंच जास्त सोडते. ते काय न मोजता?"

पाळकसाहेब गीतांच्या पुस्तकामागे हसले.

"मागच्या खेपेला बिनमापाचे शिवले," मी म्हटलं. "ते कोणाला झाले, कोणाला नाही, एका शब्दानं कळलं नाही. या वेळी मी जाऊन मापं घेणार."

"महारोग्यांना हात लावून?"

"लागला तर लागला."

छाती काढून बोलले मी हे. अण्णांनी उपरण्यानं मान पुसली. नोव्हेंबर महिना होता, घाम यायचं काही कारण नव्हतं.

"तिथं जायची गरज नाही," ते म्हणाले. "आजपर्यंत कोणी गेलं नाही. आपण द्यायचं, देवानं पोचवायचं."

मला वाटलं, किळस आली असेल. चारचौघांसारखी.

नवरा साखर कारखान्यावर असायचा आणि शनिवारीच घरी यायचा. मी बुधवार निवडला. कोणाला विचारायचं नाही आणि कोणाला सांगायचं नाही. सकाळच्या एसटीनं निघाले, तालुक्याला गाडी बदलली आणि घाट उतरून अकराला वसाहतीच्या फाट्यावर उतरले. काय दिसेल याची भीती होती, पण खरं सांगायचं तर उत्सुकता जास्त होती. पंधरा वर्षं ज्यांच्यासाठी भोपळे विकत होतो, ती माणसं असतात तरी कशी?

चुना लावलेल्या खोल्यांच्या दोन रांगा, मध्ये कडुनिंब, आणि कुठूनतरी मागांची खटखट. पहिल्याच ओट्यावर एक बाई तांदूळ निवडत बसली होती. साठीची असेल. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर. सूप मांडीवर धरून मनगटाच्या कडेनं खडे बाजूला सारत होती. बोटं अशी फारशी उरली नव्हती.

"कोण गं तू?"

"शिवणकाम करते, मावशी. सोनखांबहून मापं घ्यायला आलेय. तुमच्यासाठी कपडे शिवायचेत."

तिनं सूप खाली ठेवलं. "मापं?" ती म्हणाली. "कपडे घेऊन पुष्कळ येतात. मापं घ्यायला पहिल्यांदाच कोणी आलं. ये, तुला गंमत दाखवते."

खोलीत लोखंडी कपाट होतं. तिनं कोपरानं दार उघडलं. आत सदऱ्यांच्या थप्प्या, इस्त्रीच्या घड्यासुद्धा न मोडलेल्या. ती एकेक थप्पी दाखवत गेली. "हे एका शाळेनं दिलेले. हे कुठल्याशा क्लबचे. आणि हे..."

तिनं सांगायच्या आधी मी ओळखले. बाहीचा टाका माझा होता. ऐंशी साली सणाला शिवलेले वीस सदरे. सहा वर्षांत एकही अंगाला लागला नव्हता.

"का घातले नाहीत?" मी विचारलं. आवाज चढला असावा माझा.

तिनं एक सदरा काढून माझ्या हातात दिला आणि आपले दोन्ही पंजे पुढे धरले. "आता यातलं एक बटण मला लावून दाखवू दे. बघ, लागतं का."

पाच बटणं होती एकेका सदऱ्याला. वीस सदऱ्यांची शंभर काजी मी रात्ररात्र जागून केली होती. देवाचं काम म्हणून दोरासुद्धा रेशमी वापरला होता.

"काजी सुरेख केलीयस मात्र," बाई म्हणाली.

"कोणी कळवलं का नाही?"

"आभाराचं पत्र जातं ना. आभाराच्या पत्रात तक्रार कशी लिहिणार? गळा मोठा ठेव आणि डोक्यातून घालता येईल असं शिव. बटण नको, हूक नको, नाडी नको. एवढंच पाहिजे. आजवर विचारलं असतं तर तेवढंच सांगितलं असतं."

मग मापं घ्यायला बसले. माणसं ओट्यापुढे रांगेनं आली. हसत होती, पोट आत घेत होती. एक म्हातारा म्हणाला, "छाती छत्तीस लिहा, भरली नाही तर मी भरीन." टेपचं एक टोक मी धरायचे, दुसरं ती बाई मनगटाखाली दाबून धरायची. चाळीस मापं झाली तेव्हा तीन वाजून गेले होते. शेवटच्या एसटीला तास होता.

"चल, आमचे माग बघून जा," ती म्हणाली. टेप ओट्यावर तशीच राहिली.

मागाच्या छपरीत सतरंजी विणून उतरवली होती. ती बाई दशांपाशी बसली. तीन दोरे मनगटांमध्ये धरले, वळसा घातला, वाकली, दोऱ्याचं टोक दाढांखाली पकडलं आणि मान डावीकडे झटकली. गाठ बसली. डावीकडे ओढलेली. टोक चपटं.

मी वाकून बघितलं.

"ही गाठ," मी म्हटलं, "ही गाठ आमच्या देवळात आहे."

"असणारच. बारा दिल्या होत्या. एकीची लाल पट्टी उलटी बसलीय बघ, ती माझी पहिली. कुठं अंथरता ती?"

"बायकांच्या बाजूला. पण त्या मिशननं..."

"कसलं मिशन? आम्ही दिल्या," ती म्हणाली. "तुमच्या पाळकांनी तेव्हा कुठंतरी लिहिलं होतं, दुष्काळात सतरंज्या विकून मंडळीनं धान्य आणलं, आता लोक उघड्या फरशीवर बसतात. ते पत्र फिरत फिरत आमच्याकडे आलं. आम्ही म्हटलं, आमचंपण विशेष अर्पण होऊ दे. घेणाऱ्यानं नुसतं घेतच बसायचं का जन्मभर? वर्षभर दर शुक्रवारी एका वेळचं जेवण सोडलं सगळ्यांनी. त्यातून सूत आणलं." मग तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "शलमोन अजून करतो का लिलाव? आवाज आहे का त्याचा तसाच?"

"तुम्हाला कसे माहीत अण्णा?"

"मीच ओरडायला शिकवलंय त्याला. लहानपणी राखणीला जायचो दोघं. पाखरं उडवायला."

"कोण तुम्ही?"

"सगुणा. त्याची थोरली बहीण."

"ती तर वारली."

"हो," ती म्हणाली. "वारले मी."

गोंधळले की मी खरं तेच बोलून जाते. "तुमच्या स्मरणाच्या प्रार्थनेला मी होते. पंच्याहत्तर साली. लापशी खाल्ली मी तुमची."

"गोड होती का?"

"गूळ कमी होता."

"चिक्कूच मेला तो," ती म्हणाली, आणि हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला. बराच वेळ काढला नाही.

मग तिनं सगळं सांगितलं. नवरा वारल्यावर ती माहेरीच असायची. सत्तर साली अंगावर चट्टे उठले तशी तिला इथे आणून सोडलं. गावात कुजबुज सुरू झाली. अण्णांच्या दोन्ही मुलींना सोयरीक येईना. मग तिनंच चिठ्ठी पाठवली: मी मेले म्हणून सांग, पोरींची लग्नं होऊ देत. अण्णांनी स्मरणाची प्रार्थना ठेवली, गावजेवण घातलं. पोरी उजवल्या.

"आता दोघींना लेकरं झाली," सगुणाआक्का म्हणाली. "माझं औषध संपून सहा वर्षं झाली. डॉक्टरांचा दाखला आहे, कोणाला काही होत नाही माझ्यापासून. त्याला सांग, काम झालं आता. मला जिवंत कर म्हणावं. अकरा वर्षं मेलेली आहे मी, कंटाळा आलाय."

"यायचंय तुम्हाला गावी?"

"राहायला नको. सुगीच्या सणाला एकदा आपल्या देवळात बसायचंय. माझी वस्तू लिलावाला ठेवायची आणि त्यानं माझं नाव वाचायचं, मोठ्यानं. बास." जरा थांबून ती म्हणाली, "आणि त्याला विचार, माझ्या लाल कोंबड्याचं काय केलं? जाताना सांगून आले होते, सणाला अर्पण कर म्हणून."

गावी पोचले तेव्हा दिवे लागले होते. घरी न जाता मी सरळ अण्णांच्या ओसरीवर गेले. पाळकसाहेबही तिथंच बसले होते. बरंच झालं, दोघांना एकदमच सांगितलं.

अण्णा ऐकत राहिले. कोंबड्याचं आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मेलेली माणसं परत येत नाहीत, सुवार्ता."

"हे ईस्टरला सांगा मंडळीला," मी म्हटलं.

"सुवार्ताबाई!" पाळकसाहेब दचकले.

"तुम्ही बोलूच नका, साहेब. सतरंज्यांचं तुम्हाला माहीत होतं. होय की नाही?"

"आधीच्या पाळकांनी सांगितलं होतं मला. म्हणाले, बोलू नका, लोक बसायचे नाहीत त्यावर."

"म्हणजे त्यांनी उपाशी राहून विणलेल्यावर बसायचं, त्यांच्यासाठी डोळे मिटून प्रार्थना करायची, आणि त्यांनी दारात पाऊल ठेवायचं नाही."

"जावई आहेत मला," अण्णा म्हणाले. आवाज असा बारीक की लिलाववाले अण्णा ते हेच का असं वाटावं. "नातवंडं आहेत. मी तिला विसरलो असं वाटतं का तुला? वसाहतीचं नाव पंचांत कोण काढतं दर वेळी? घसा फुटेस्तोवर कोण ओरडतं?"

"तिला तुमचे पैसे नकोत. तिला तिचं नाव पाहिजे."

"ते तेवढं नाही जमायचं."

"सण झाल्यावर बघू," पाळकसाहेब म्हणाले. आमच्या मंडळीत कोणतीही गोष्ट पुरायची झाली की तिला हेच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टकार्ड टाकलं. दोनच ओळी लिहिल्या. अण्णा नाही म्हणतात. मी या म्हणते.

सणाच्या रविवारी देऊळ भरलं होतं. बाजरीच्या पेंढ्या खांबांना बांधलेल्या, वेदीपुढे भोपळे, घेवड्याच्या शेंगा, अंड्यांच्या टोपल्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. दुसरं गीत चालू असताना दारात पांढरं लुगडं दिसलं. आक्का आली. हात पदराखाली. सगळ्यांत मागे, सतरंजीच्या कडेला बसली. मी मागे जाऊन तिच्या हातातली गुंडाळी घेतली आणि वेदीपुढच्या वस्तूंत नेऊन ठेवली. छोटं आसन होतं, निळं-पांढरं. चिठ्ठी टाचलेली.

लिलाव सुरू झाला आणि अण्णा रंगात आले. "हा भोपळा बघा, पाळकसाहेबांच्या उपदेशाइतका लांब! कोण म्हणतं पाच? अहो, उपदेश फुकट ऐकता, भोपळ्याला तरी दहा द्या!" लोक हसत होते. अंडं पंधराला गेलं. कोंबडी तीनदा विकली गेली आणि तिन्ही वेळा ओरडली. मग त्यांनी आसन उचललं, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, आणि तोंड उघडं ठेवूनच थांबले.

"नाव वाचा की, अण्णा!"

त्यांनी चिठ्ठी खिशात टाकली. "नाव नाहीये. एक आसन. बोला."

"नाव आहे," मागून आक्का म्हणाली.

माना वळल्या. बोलताना पदर सरकला होता आणि हात दिसत होते. एक म्हातारी पुटपुटली, "अगं बाई, ही तर सगुणा! पाटोळ्यांची." मग जे झालं ते मी आजही विसरले नाही. कोणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. फक्त तिच्या शेजारची बाई सरकली. मग तिच्या पलीकडची. लेकरांना ओढून मांडीवर घेतलं. बघता बघता आक्काभोवती घोंगडीएवढी जागा रिकामी झाली.

मी उठून उभी राहिले. पाळकसाहेबांनी हातानं बस म्हणून खुणावलं. मी बसले नाही.

"सरकून जाता कुठं?" मी म्हटलं. "जिथं सरकाल तिथं तीच आहे. या बाराही सतरंज्या तिनं आणि तिच्या माणसांनी विणल्यात, शुक्रवारचं जेवण सोडून. मिशननं नाही दिल्या. दशा बघा, गाठी तिनं दातांनी मारल्यात. बारा वर्षं तुम्ही यावर बसताय, लेकरं निजवताय, प्रभुभोजन घेताय. काय झालं कोणाला? कोणाचं बोट गळालं?"

लोक उठले. असं वाटलं होतं मला की शरमेनं खाली बघतील. ते सतरंज्यांवरून उठले. एकेक करून उघड्या फरशीवर, भिंतीकडेला जाऊन उभे राहिले, जसं काही सतरंजीला विस्तव लागलाय. धोतरं झटकली कोणी कोणी. काही जण तसेच दारातून बाहेर गेले. मधोमध एक तान्हं मूल झोपलं होतं. त्याची आई उचलायला धावली, वाकली, आणि तशीच त्याच्याजवळ खाली बसली. "आत्ताच झोपलाय हो," ती कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाली. "उठला तर रडेल."

एवढ्या मोठ्या देवळात बारा सतरंज्यांवर, मला सोडून, तीन माणसं. आक्का, ती आई, आणि ते लेकरू.

अण्णा हातात आसन घेऊन उभेच होते. एकदा माझ्याकडे बघितलं त्यांनी, तसं आयुष्यात कोणी माझ्याकडे बघितलं नाही. मग खिशात हात घालून चिठ्ठी काढली. आणि पाखरं उडवायचा जो आवाज होता ना, तो लावला.

"सगुणा पाटोळे! सोनखांब!"

खांबावरची बाजरीची पेंढी थरथरली असं मला वाटलं.

कोणी बोली लावली नाही. लिलाव करणाऱ्यानं स्वतः बोली लावायची नाही, हा आमच्याकडचा नियम. अण्णांनीच तो केला होता.

"मी घेतो," ते म्हणाले. "कितीला देतेस, आक्का?"

"माझा लाल कोंबडा आण आधी."

भिंतीकडेला कोणालातरी हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं.

"खाल्ला," अण्णा म्हणाले.

"कधी?"

"तू गेलीस त्याच आठवड्यात."

"माहीत होतं मला," आक्का म्हणाली. "तुझ्यानं राहवायचं नाही, हे जातानाच माहीत होतं."

अण्णांनी आसन काखेत मारलं आणि मागे चालत गेले. एवढा जाडजूड माणूस, सतरंजीच्या कडेला अडखळला. तिच्याजवळ आसन अंथरलं, तिला त्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी टेकले. मग काही ते उठले नाहीत. उरलेला लिलाव पाळकसाहेबांनी केला, आणि इतका वाईट केला की शेवटचे चार भोपळे बाजारभावानं गेले.

मी खोटं लिहिणार नाही. अर्धी मंडळी त्या दिवशी न जेवता घरी गेली. दोन घरं वर्षभर देवळात आली नाहीत. अण्णांच्या थोरल्या जावयानं सहा महिने बोलणं टाकलं होतं. उरलेले जेवले. पंगत उघड्या फरशीवरच बसली, सतरंज्या घाण होऊ नयेत म्हणून, असं सगळे म्हणाले.

जेवणानंतर मी आवारात फ्लॅनेलचे कपडे बांधत होते. चाळीस नग, मोठा गळा, एकही बटण नाही. मनातून मी फार खूश होते स्वतःवर. सगळ्या गावाला सुनावलं होतं. आक्का आली, कमरेची पिशवी मनगटांत धरून पुढे केली. आत माझी टेप. धुऊन, गुंडाळून, वर दोरा बांधलेला.

"राहिली होती तुझी."

राहिली नव्हती. मी ठेवून आले होते. चाळीस माणसांच्या अंगाला लागलेली, तिच्या मनगटाखाली दाबलेली टेप. मागाकडे जाताना मी ती ओट्यावर सोडली ती जाणूनबुजून, आणि परतताना तालुक्याच्या स्टँडवर नवी घेतली. घरी जाऊन साबणानं दोनदा हात धुतले. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी भर देवळात उभी राहून लोकांना बोटं मोजायला लावली, तेव्हाही ती नवी पिवळी टेप माझ्या गळ्यात लोंबत होती.

आक्कानं ती बघितली.

"नवी घेतलीस होय," ती म्हणाली. आवाजात काही टोचणं नव्हतं. "बरं झालं. मग ही मी नेते. आमच्याकडे लागतेच."

निसटायला वाट दिली तिनं मला. सरळ, कोणाला कळणार नाही अशी. मी नुसतं हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं.

मी गळ्यातली नवी टेप काढून तिच्या पिशवीत टाकली आणि जुनी हातात घेतली. दोऱ्याची गाठ तिची होती, डावीकडे ओढलेली, टोक चपटं. सोडवायला गेले तर सुटेना. नखं घातली, सुई घातली. कात्री पुढ्यात होती, पण तिच्यासमोर कापायची नव्हती मला ती.

आक्का बघत होती.

मी गाठ तोंडाशी नेली, दाढांखाली धरली आणि मान उजवीकडे झटकली.